सभ्यतेचा भार कोणी वाहायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संस्कृती आणि ओळख या विषयांवर मतभेद असणाऱ्यांनी एकमेकांशी सभ्यपणे आणि मोकळेपणाने बोलत राहावे, असे मी लिहिले होते. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, धारदारही आहे, आणि आभार मानून तिची बोळवण करणे मला प्रशस्त वाटले नाही. तुमचे म्हणणे मला जसे समजले तसे आधी मांडतो. पहिले असे, की सभ्यतेची अपेक्षा नेहमी दुखावलेल्याकडूनच केली जाते; ज्याला कसलीच झळ लागलेली नाही त्याला शांतपणे बोलायला काहीच पडत नाही. दुसरे असे, की ओळख म्हणजे मत नव्हे. ‘मी माणूस म्हणून तुमच्या बरोबरीचा आहे की नाही’ हा प्रश्न चर्चेला घेणे हाच मुळात अपमान आहे. तिसरे, पूर्वग्रह बाळगणारी माणसे बोलण्याने बदलत नाहीत, आणि म्हणूनच तुम्ही तुमच्या एका जवळच्या नातेवाइकाशी या विषयावर बोलणे कायमचे सोडून दिले. आणि शेवटचे, जरा टोचणारे: मी ‘दोन्ही बाजू’ म्हणत राहतो आणि माझी स्वतःची बाजू गुलदस्त्यात ठेवतो.

पहिला मुद्दा सर्वांत वजनदार आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ तुम्ही मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला आहे, आणि तो चपखल आहे. एप्रिल १९६३ मध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढून तिथली वर्णभेदाविरुद्धची निदर्शने अविचारी आणि अवेळी असल्याचे म्हटले होते. निवेदनाची भाषा अत्यंत मवाळ होती. त्याला उत्तर देताना किंग यांनी लिहिले, की न्यायापेक्षा सुव्यवस्थेला जपणारा, ‘तुमचे उद्दिष्ट मान्य, पण मार्ग अमान्य’ असे म्हणणारा मवाळ गोरा माणूस हाच कृष्णवर्णीयांच्या वाटेतला सर्वांत मोठा अडसर असावा, या निष्कर्षापर्यंत आपण जवळजवळ येऊन पोहोचलो आहोत. सौम्य भाषा अन्यायाचे पांघरूण होऊ शकते, हे तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

मात्र तेच पत्र कसे रचले आहे, हेही पाहायला हवे. किंग त्या आठ जणांना आपले सहधर्मगुरू म्हणून संबोधतात. मग त्यांचा एकेक आक्षेप घेतात: बाहेरची माणसे इथे का आली, वाटाघाटींऐवजी निदर्शने कशाला, हीच वेळ का, कायदा मोडण्याचे समर्थन कसे करता, हा अतिरेक नाही का. त्यातला एकही आक्षेप ते सोयीस्करपणे वाकवत नाहीत, आणि उत्तर देताना कुठेही हात आखडता घेत नाहीत. पत्र कठोर आहे आणि सभ्यही आहे, आणि दोन्ही गुण एकाच वेळी नांदताना दिसतात. सभ्यता आवाजाच्या पट्टीवरून मोजू नये, समोरच्याच्या शब्दांचे आपण काय करतो यावरून मोजावी, असे मला म्हणायचे आहे ते याच अर्थाने. ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे समोरच्याने कबूल करावे इतक्या प्रामाणिकपणे त्याचे म्हणणे मांडता आले, की पुढे ते कितीही कडाडून खोडा. खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडण्याची शिस्त आपल्याकडच्या दार्शनिकांना ठाऊक होतीच. (पूर्वपक्ष मुद्दाम पोकळ मांडून तो दिमाखात पाडणारे पंडितही त्यांच्यात कमी नसणार, हा भाग वेगळा.)

याचे मला माहीत असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण १९३६ सालचे आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मसुदा हाती आल्यावर आयोजक बिचकले आणि त्यांनी काही भाग गाळण्याची विनंती केली. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले, परिषद रद्द झाली, आणि न झालेले ते भाषण आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (जातीचे निर्मूलन) या नावाने स्वखर्चाने छापले. पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची होती. जुलै महिन्यात गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका लिहिली. त्या टीकेतली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही असे तर गांधींनी म्हटलेच, शिवाय पुस्तिकेची आठ आणे ही किंमत जास्त असून ती दोन किंवा फार तर चार आणे करावी, असेही सुचवले. ज्या मजकुराचा आपण प्रतिवाद करतो आहोत तो अधिक लोकांनी वाचावा अशी ही खटपट होती.

आंबेडकरांनी पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा तिच्यात गांधींची टीका छापली आणि तिच्यापाठोपाठ आपले उत्तर जोडले. ते उत्तर ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे, की ते मुळीच गोड नाही. गांधींनी आपला मूळ मुद्दाच चुकवला असे ते ठणकावून सांगतात, आपले प्रतिपाद्य पुन्हा एकदा क्रमवार मांडतात, मग गांधींचे आक्षेप एकेक करून तपासतात, आणि पुढे गांधींच्या स्वतःच्या आचरणावरही बोट ठेवतात. तरीही आंबेडकर काय म्हणतात आणि गांधी काय म्हणतात हे दोन्ही वाचकाला त्या एकाच पुस्तकात, ज्याच्या त्याच्या शब्दांत मिळते. लक्षात घ्या, इथे दुखावलेली बाजू आंबेडकरांची होती. गांधींना उत्तर देण्याचे टाळले असते तरी त्यांना दोष देता आला नसता. पण सभ्यता म्हणजे नमते घेणे असा अर्थ त्यांनी केला नाही, आणि राग आहे म्हणून समोरच्याचे शब्द मोडायची मुभा मिळते असेही मानले नाही.

उलट उदाहरणे तर पावलोपावली सापडतात. ‘तुम्ही भावनेच्या भरात बोलता आहात’, ‘इतके मनाला लावून घेऊ नये’, ‘तुमच्या पिढीला सगळेच खटकते’ ही वाक्ये हळू आवाजात, हसतमुखाने उच्चारली जातात आणि समोरच्याचा मुद्दा न ऐकताच त्याला निकालात काढतात. माझ्या मोजपट्टीवर ती असभ्य आहेत. संतापाने थरथरत कोणी आपली कैफियत मांडत असेल आणि त्यातले शब्द खरे असतील, तर ते बोलणे असभ्य नाही. तुमची तक्रार ज्या सभ्यतेविरुद्ध आहे, तिच्याविरुद्ध माझीही आहे.

बोलण्याने कोणी बदलत नाही, या तिसऱ्या मुद्द्याकडे आता वळतो, कारण तो याच भाराच्या प्रश्नाला जोडलेला आहे. तुमची निराशा अनुभवातून आली आहे, त्यामुळे तिला केवळ आशावादाने उत्तर देणे उद्धटपणाचे ठरेल. पण या बाबतीत तपासून पाहिलेला पुरावा उपलब्ध आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोन राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मायामी भागात केलेला प्रयोग २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की याच विषयावर त्याआधी गाजलेला एक शोधनिबंध बनावट आकडेवारीवर उभा असल्याचे याच दोघांनी एका सहकाऱ्यासह उघडकीस आणले होते आणि २०१५ मध्ये तो मागे घ्यावा लागला होता. म्हणजे हे दोघे भाबडे नव्हेत.

त्यांच्या प्रयोगात कार्यकर्ते मतदारांच्या दारी जात आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींना संरक्षण देणाऱ्या कायद्याबद्दल सुमारे दहा मिनिटे बोलत. आकडेवारी नाही, प्रवचन नाही. मतदाराचे मत काय आहे ते विचारायचे, ते न खोडता ऐकून घ्यायचे, आणि मग विचारायचे: वेगळे असल्यामुळे कोणी तुमच्याबद्दल वाईट मत करून घेतले, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का? माणसे थांबत, आठवत, सांगू लागत. आणि सांगता सांगता तो अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाला कुठे भिडतो याचा विचार करण्याची संधी त्यांना मिळे. पूर्वग्रहात झालेली घट निदान तीन महिने टिकली. पुढे २०२० मध्ये याच दोघांनी आणखी तीन प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. दोषारोप न करता परस्परांचे अनुभव ऐकण्या-सांगण्याचा भाग असला तर फरक पडतो, नुसती युक्तिवादांची देवघेव असली तर पडत नाही, असे त्यांतून दिसले. सगळी माणसे बदलली असे मुळीच नाही, आणि कायद्याची गरज यामुळे संपते असेही नाही. तो संवादच मुळी एका कायद्यासाठी चालला होता.

या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील तुमच्या तक्रारीशी थेट संबंधित आहे. मायामीत दारोदार गेलेल्या कार्यकर्त्यांमध्ये काही पारलिंगी होते आणि काही नव्हते, आणि परिणाम दोघांच्याही संभाषणांचा झाला. याचा अर्थ, ज्याला जखम झाली आहे त्यानेच दर वेळी ती उघडून दाखवली पाहिजे असे नाही. हे काम इतरांना करता येते, आणि माझ्या मते ते त्यांनीच अंगावर घ्यावे. तुमच्या नातेवाइकाशी तुम्ही बोलणे सोडलेत, तो तुमचा अधिकार आहे आणि त्याबद्दल मी तुम्हाला एका शब्दानेही दोष देणार नाही. प्रश्न तुमच्या घरातल्या त्या लोकांना विचारायचा आहे, ज्यांना या नातेवाइकाच्या बोलण्याची झळ लागत नाही आणि जे ‘जाऊ दे, त्यांचा स्वभावच तसा’ म्हणून विषय बदलतात. संवादाचे माझे आवाहन प्रामुख्याने त्यांच्यासाठी होते.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र आपण अर्ध्या वाटेपर्यंतच बरोबर आहोत. माणसाची बरोबरी चर्चेला ठेवायची नाही, हे मान्य. पण ती चर्चेपलीकडची आहे हे जगाने लिहून ठेवले, तेही कडाक्याच्या सांस्कृतिक वादातूनच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना, १९४७ मध्ये, अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेच्या निवेदनाने बजावले होते, की मूल्ये ज्या त्या संस्कृतीतून येतात आणि एका संस्कृतीची मूल्ये साऱ्या मानवजातीवर लादता येणार नाहीत. आक्षेप पोकळ नव्हता. वसाहतींचा अनुभव ताजा होता. मसुद्यावर काम करणाऱ्यांतही चीनचे पी. सी. चँग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांच्यात तत्त्वज्ञानावरून सतत खटके उडत. पहिल्या कलमात ईश्वराचा उल्लेख असावा असा आग्रह काही प्रतिनिधींनी धरला. वेगळ्या परंपरेत वाढलेल्या कोट्यवधी लोकांवर ही श्रद्धा लादू नये अशी बाजू चँग यांनी मांडली, आणि उल्लेख झाला नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला तेव्हा बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही, आणि ८ देश तटस्थ राहिले. सगळे जन्मतः समान आहेत यावर हे लोक एकत्र आले. का समान आहेत, यावर त्यांचे शेवटपर्यंत जुळले नाही आणि जुळण्याची गरजही पडली नाही.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. तुम्ही बरोबरीचे आहात का, हा प्रश्न बंद. तुमच्या किंवा माझ्या समूहाची एखादी रीत योग्य आहे का, आपल्या इतिहासाचा एखादा अर्थ बरोबर आहे का, आपल्या वतीने कोण बोलतो आणि त्याला तो हक्क कोणी दिला, हे प्रश्न खुले. ‘ही आमची ओळख आहे, यावर बोलायचे नाही’ असे म्हणून दार लावले, की बाहेरचे बाहेर राहतात हे खरे, पण आतले आत कोंडले जातात. प्रत्येक समूहात रीत मोडू पाहणारी एखादी मुलगी असते, वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणारा एखादा तरुण असतो, ‘आमची संस्कृती’ या शब्दांत आपला समावेश कधी झालाच नाही असे वाटणारा कोणीतरी असतो. चर्चा बंद करण्याचा फायदा त्यांना होत नाही. ज्यांच्या हाती आधीच सत्ता आहे त्यांना होतो. त्याच मानववंशशास्त्र संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांवर नवा जाहीरनामा स्वीकारला आणि जुन्या भूमिकेपासून फारकत घेतली, हे मला योग्य वाटते. ज्याने भोगले त्याची साक्ष आधी ऐकली पाहिजे आणि तिला मान दिला पाहिजे. पण तिच्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्षही आपोआप खरा मानावा, असे तुमच्या प्रतिक्रियेत गृहीत धरलेले दिसते, आणि तिथे मी थांबतो.

राहिला माझ्या बाजूचा प्रश्न. बर्मिंगहॅमच्या वादात ते आठ धर्मगुरू चुकीचे होते. १९३६ च्या वादात मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. जातीचा धर्माशी संबंध नाही, वर्ण मात्र वेगळा आणि निर्दोष आहे, हा गांधींचा त्या लेखांतला युक्तिवाद मला पटत नाही. वाडवडिलांचा व्यवसाय हाच आपला धर्म मानायचा म्हटले, की जन्मावरून माणसाचे काम ठरवणे मागच्या दाराने परत येते, सगळी कामे सारख्या प्रतिष्ठेची आहेत असे गांधी कितीही म्हणोत. गांधींचे म्हणणे मी दुसऱ्या कोणाच्या सारांशातून नव्हे, त्यांच्याच शब्दांत वाचले, आणि ते मला प्रथम वाचायला मिळाले आंबेडकरांच्या पुस्तकात.