विमान थांबलं म्हणजे धोका टळला, असं कुणी सांगितलं?

ओझरला उतरलेल्या कुणा प्रवाशाचा एक मेसेज सध्या नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. गोषवारा असा: विमान जागेवर येऊन उभं राहिलं तरी खालची माणसं हाताची घडी घालून लांब उभी, इंजिन बंद झालं की धोका संपला, मग वाट कसली बघतात, शिडीही उशिरा येते, कांड्या हलवून विमानाला जागेवर आणणाऱ्याचा पगार फुकट, हल्ली सगळं ऑटोमॅटिक असतं, कानाला हेडफोन लावून गाणी चाललेली, आणि ओझरसारख्या छोट्या विमानतळावर कसले आलेत अपघात? शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा'. मी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, नोकरी केलेला माणूस. पटलं नाही, म्हणून लिहितोय.

माणसं लांब उभी होती हे खरं आहे. तशीच उभी राहायला हवीत. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असतो, तो बीकन. तो चालू आहे तोवर जवळ जायचं नाही. काही ठिकाणी नाकाच्या चाकाला चोक, म्हणजे अडकवायचे ठोकळे, लावणाऱ्याला तेवढी मुभा असते, तीही ठरवून दिलेल्या वाटेनंच. वैमानिक बीकन विझवतो तो इंजिनं बंद केल्यावर. पण बंद केलेल्या इंजिनाचा पंखाही लगेच थांबत नाही. त्याला अर्धा-एक मिनिट लागतं.

बरं, विमान उभं राहिलं म्हणजे इंजिन बंद झालं, हेही गृहीत धरता येत नाही. जमिनीवर वीज आणि एसी चालवायला शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एपीयू. ते नादुरुस्त असेल तर बाहेरून जीपीयूची, म्हणजे जमिनीवरून वीज देणाऱ्या यंत्राची, केबल जोडेपर्यंत एक तरी मोठं इंजिन चालू ठेवावं लागतं, नाहीतर केबिनमध्ये अंधार. शिवाय उतरल्यानंतर इंजिनाला काही मिनिटं मंद गतीवर थंड होऊ द्यावं लागतं. टॅक्सीचं, म्हणजे धावपट्टीपासून उभ्या जागेपर्यंत चाकांवर जायचं, अंतर कमी असेल तर ती मिनिटं उभ्या जागेवर भरून काढावी लागतात. म्हणजे विमानतळ छोटा, म्हणून थांबणंही कमी, हा हिशेब चुकतो.

३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला हेच झालं. एम्ब्रेअर १७५ जातीचं विमान गेटवर लागलं. एपीयू नादुरुस्त होतं, म्हणून इंजिनं चालू ठेवलेली. विमान यायच्या आधी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं की इंजिनं चालू राहणार आहेत, बीकन विझेपर्यंत सुरक्षेचे नारिंगी कोन लावायला जायचं नाही. तरी एक कर्मचारी ते कोन घेऊन गेली. सहकाऱ्यांनी ओरडून, हात हलवून तिला मागे फिरायला सांगितलं. ती पंखाच्या पुढच्या कडेनं चालत डाव्या इंजिनासमोर आली आणि आत ओढली गेली. त्या कंपनीच्या नियमावलीत इंजिनापुढची १५ फुटांची, म्हणजे साडेचार मीटरची जागा धोक्याची धरलेली होती. वेग वाढवलेला नसताना, मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनापुढचा हा धोका आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तिथं उभं राहून घड्याळ बघून दाखवावं.

'हे तिकडचं झालं' म्हणणाऱ्यांसाठी: १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत, विमान मागे ढकलून झाल्यावर हलू लागलं तेव्हा जवळच असलेला एअर इंडियाचा तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. ते विमान निघत होतं, लागत नव्हतं, एवढाच फरक.

कांड्यावाल्याबद्दल. मोठ्या विमानतळांवर गेटसमोर दिव्यांची पाटी वैमानिकाला किती पुढे यायचं ते दाखवते, मान्य. पण कॉकपिटातून नाकाचं चाक दिसत नाही, आणि ए३२० विमानाच्या पंखांचा पसारा साधारण ३५ मीटर. टोकाशी कुणाचा ट्रॅक्टर उभा राहिलाय, हे बघायला माणूसच लागतो. ते तर तो बघतोच, शिवाय उघडा पंजा मिटून मूठ करतो, म्हणजे ब्रेक लाव. वैमानिकाचा अंगठा वर येईपर्यंत तो जागचा हलत नाही. चोक लागले की तसं खुणेनं कळवतो, मग वैमानिक पार्किंग ब्रेक सोडूही शकतो, तापलेले ब्रेक लवकर थंड व्हावेत म्हणून. पाटी चोक लावत नाही.

गाण्यांबद्दल काय बोलायचं! ते कान वाचवायचे मफ असतात. तारवाला हेडसेट असला तर पलीकडे वैमानिक बोलत असतो. आणि ते घातल्यावर कुठलं इंजिन चालू आहे हे कानानं ठरवता येत नाही, म्हणून डोळा बीकनवर. घडी घालून उभा दिसलेला माणूस बहुधा तेच करत होता.

आता ओझर. इथं प्रवासी एप्रनवरून पायी चालतात, म्हणजे या नियमांचा संबंध थेट त्यांच्याशीही येतो. एटीआर ७२ या बाहेर पंखे असलेल्या छोट्या विमानाला एपीयू नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकनं धरून इंजिन तसंच चालू ठेवायची सोय असते. पंखा स्तब्ध, इंजिन जिवंत! लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळं बंद आहे. आणि पंखा पूर्ण वेगात असेल तर तो दिसतच नाही. म्हणून तर कोनांच्या बाहेरून चला, फोटोला थांबू नका म्हणून ती पोरं ओरडत असतात. २०२७च्या सिंहस्थाला पहिल्यांदाच विमानात बसलेली आजोबा-आजींची मंडळी इथं उतरतील, तेव्हा हे ओरडणं आणखी वाढणार.

मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त असू शकते: बीकन विझल्यावरही शिडी यायला उशीर होतो. त्याचं कारण बहुतेकदा माणसं कमी आणि अर्ध्या तासात विमान परत पाठवायची घाई हे असतं. तशी तक्रार जरूर करा, विमान कंपनीकडे, फ्लाइट क्रमांक आणि वेळ टाकून. फक्त वेळ मोजायला सुरुवात लाल दिवा विझल्यापासून करा.