आयलंड ठेवायचं कुठे?

बडोद्यात रावपुऱ्यामागच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, खोलीमागे खोली, मध्ये उजेडापुरता चौक आणि शेवटी स्वयंपाकघर. रुंदी 7 फूट. तीही दाराशी. मागच्या भिंतीपाशी ती पावणेसात होते, कारण चुन्यातल्या त्या विटांना काटकोनाबद्दल कुणी काही सांगितलेलंच नाही.

मॉड्युलर किचनवाल्या मुलाने लॅपटॉपवर चित्र दाखवलं. मधोमध आयलंड, म्हणजे भिंतीपासून सुटा ओटा, भोवती उंच स्टुलं, मागे भलीमोठी खिडकी. याच शहरात 1890 साली बांधून झालेला लक्ष्मी विलास राजवाडा आहे. त्याने बहुधा माप तिथलं घेतलं असावं. ती खिडकी उघडली असती ती थेट शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात. मग तो त्रिकोणावर आला. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण व्हायला हवा, तिन्ही बाजू मिळून फार तर 26 फूट. आमच्याकडे तो चेपून सरळ रेघ होते. दोन्हीकडे 2-2 फुटांचे ओटे घातले की मध्ये उरतात 3 फूट. तिथे सासूबाई आणि मी समोरासमोर आलो तर मागे कुणी सरायचं, हे त्याच्या कॅटलॉगात नव्हतं.

चिमणीचं तर विचारूच नका. तिचा 6 इंची पाइप चौकापर्यंत न्यायचा, तर वाटेत देवघराचा कोनाडा. वळसे घातले की ओढ कमी होते, म्हणजे फोडणीचा ठसका घरातच. “मग देवांसमोरच सोडा. एरवी धूप घालतोच ना?” ही सासऱ्यांची सूचना बिनविरोध फेटाळली गेली.

मिस्त्री मात्र गुणी. कुठलीही अडचण सांगा, “थई जशे, बेन” म्हणायचा आणि ड्रिल उचलायचा. पहिल्याच भोकाला पलीकडून आरोळी आली, “बेन, अमारा बापुजी पडी गया!” धावत गेले, तर बापुजी म्हणजे हार घातलेली तसबीर. त्या दिवसापासून भिंतीवरची कपाटं रद्द. जे काय ते ओट्याखाली.

फ्रिज पुढच्या खोलीत गेला, सासऱ्यांच्या आरामखुर्चीला लागून. दार उघडायचं तर त्यांनी पाय आवरायला हवेत, आणि आवरण्याआधी ते चौकशी करतात. कोथिंबिरीला सहसा हरकत नसते. बर्फाला सबळ कारण लागतं. आइस्क्रीम हवं असलं की नातवंडं त्यांचा वाटा आधीच कबूल करून टाकतात.