नऊ रुपये येणे बाकी

एसटीच्या तिकिटामागे मास्तर पेनाने जो आकडा लिहितात, तो आमच्यासारख्यांचा बेअरर चेक. परवा तो आकडा 9 होता. गाव 24 किलोमीटरवर, सहा किलोमीटरचा एक असे चार टप्पे, तिकीट 41 रुपये, माझी नोट पन्नासची आणि मास्तरांकडे सुट्टे नाहीत. क्यूआर होता, पण गाडी घाटात आणि मोबाईलला रेंज नाही. "उतरताना घ्या," म्हणाले. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

बिघडलं ते शेजारच्या आजोबांमुळे. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काहीच नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट असते, तरी मशीन त्यांना तिकीट देतंच, शून्य रुपयांचं. आजोबांनी ते शून्य आधारकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, आधीच्या शून्यांवर, कडा जुळवून ठेवलं. मग माझ्या तिकिटामागचा 9 वाचला. मग मला वाचलं.

"काय करतोस बाळा?"

"राष्ट्रीय युवा स्वयंसेवक आहे."

"म्हणजे नोकरी."

"नोकरी नाही आजोबा. सेवा."

"पगार देत्यात का?"

"मानधन. पाच हजार."

"दिवसाला?"

"महिन्याला."

आजोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "पर्मनंट कधी करणार?"

"करत नाहीत. एक वर्ष, फार तर दोन."

"पेन्शन?"

"नाही."

"मग मुलगी कोण देणार?"

पुढच्या सीटवरच्या दोन मावश्या मागे वळल्या. त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला वळल्या की मुलगी देण्याघेण्याच्या दृष्टीने एकदा बघून घ्यायला, कळलं नाही. ज्या वेगाने परत पुढे वळल्या, त्यावरून अंदाज आला.

"मी बघ," आजोबा म्हणाले, "गेल्या महिन्यात अठराशे रुपये वाचवले."

इथे मी खरोखर कान टवकारले. पाच हजारांत महिना काढणाऱ्याला असं वाक्य कुणी टाकलं की तो सावध होऊन ऐकतोच.

"जायचे 41, यायचे 41. झाले 82. बावीस दिवस. कर हिशेब."

1,804. हिशेब बिनचूक होता. "रोज काय काम असतं तालुक्याला?"

"काम कसलं?" आजोबा चकित झाले. "वाचवायला जातो."

या वाक्यावर मी तेव्हापासून विचार करतोय. चिडचिड अशी, की बचतीवर मला आजवर मिळालेले निम्मे सल्ले याच जातीचे आहेत. दोनवर एक फ्री घ्या, म्हणजे शंभर वाचले. हे ॲप घ्या, कॅशबॅक येतो. जो खर्च मुळात झालाच नसता, त्यातून वाचलेले पैसे मोजत बसायचे. आजोबांचा निदान पास तरी शून्याचा आहे.

ज्यांना राष्ट्रीय युवा स्वयंसेवक ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: वय 18 ते 29, शिक्षण किमान दहावी, तालुक्याला दोघे. गावोगावी युवा मंडळं जमवायची, स्वच्छता मोहीम, रक्तदान शिबिर, कबड्डीचे सामने, व्याख्यानं. महिन्याला 5,000. त्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सड्या माणसाचा हिशेब साधारण असा बसतो: दोघांत घेतलेल्या खोलीचे 900, एकवेळच्या मेसचे 1,400, दुसऱ्या वेळचा शिधा आणि गॅस 700, प्रवास 1,150, मोबाईल 300, झेरॉक्स-चहा-बारीकसारीक 250. झाले 4,700. उरले 300. या तीनशेंवर मला आजवर जितकी व्याख्यानं ऐकवली गेली, तितकी मी सरकारी खर्चाने भरवलेली नाहीत.

प्रवासात काही वाचेल का? मासिक पास काढ, असं प्रत्येक जण सांगतो. पासाचं गणित सोपं: 20 दिवसांचं भाडं भरा, 30 दिवस फिरा. 41 च्या गावाला जाऊन-येऊन वीस दिवसांचे 1,640. म्हणजे त्याच गावाला एकविसाव्यांदा गेलात की तिथून पुढे फायदा. स्वयंसेवक एका गावाला महिन्यात फार तर तीनदा जातो, कारण चौथ्यांदा गेला तर सरपंच फोन उचलत नाहीत. पास मार्गाचा असतो आणि आमचं काम तालुकाभर पसरलेलं. तेव्हा पास हा रोज एकाच टेबलावर बसणाऱ्याचा लाभ. विद्यार्थ्यांची सवलत आम्हाला नाही, आम्ही शिकत नाही. ज्येष्ठांचा फुकट प्रवास मिळायला अजून पन्नास वर्षं आहेत.

राहिली महिलांची. मार्च 2023 पासून त्यांना निम्मं तिकीट. आमच्या तालुक्यातली दुसरी स्वयंसेविका त्याच पाच हजारांत निम्म्या भाड्यात फिरते. लांबची गावं तिच्याकडे आणि पायी जाण्याजोगी माझ्याकडे, अशी वाटणी केली तर दोघांचा मिळून खर्च उतरतो, हे मी कागदावर सिद्ध करून दाखवलं. तिने कागद नीट वाचला आणि विचारलं, "उतरलेला खर्च कुणाच्या खिशात?" योजना तिथेच बारगळली. आता एकच करतो: एका दिशेची दोन गावं एका दिवशी. सकाळच्या गाडीने टोकाचं गाव गाठायचं, परतीच्या वाटेवर मधल्या गावात उतरायचं. मधे उतरलं की तिकीट तुटतं आणि टप्पे थोडे वर जातात, पण दुसरी अख्खी फेरी वाचते. फक्त मधल्या गावातून शेवटची गाडी किती वाजता आहे ते स्टँडवरच्या फळ्यावरून न घेता तिथल्या टपरीवाल्याला विचारावं. गाडी चुकली तर वडापचे, म्हणजे खासगी जीपचे, पैसे जातात आणि महिन्याची बचत एका संध्याकाळी उतरते.

मेसचं खरं नाव खाडा. तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर चार दिवसांचे पैसे कापले जातील, हा समज बाळगून मेस लावू नये. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवसांखालचा खाडा धरत नाहीत, आणि धरला तरी आदल्या दिवशी सांगितलेला असावा लागतो. आमचे कार्यक्रम एकेका दिवसाचे. सोमवारी एक, गुरुवारी एक. म्हणजे महिन्यात आठ जेवणं बुडाली तरी खाडा शून्य. उपाय असा, की महिन्याची मेस न लावता कूपनं घ्यावीत. एका जेवणामागे थोडं जास्त पडतं, पण न खाल्लेल्याचं काही पडत नाही. मेसवाल्या काकूंना हे आवडत नाही. त्या वरणात पाणी घालून ते व्यक्त करतात.

शिवभोजन केंद्र जिथे चालू असेल तिथे 10 रुपयांत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. एकूण 410 ग्रॅम. 2020 च्या प्रजासत्ताक दिनी ही थाळी सुरू झाली आणि माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आभारप्रदर्शनाबद्दल. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, दुपार टळली की संपतात. कार्यक्रम बाराला आटोपला तर दहा रुपयांत जेवण. पण कोपऱ्यातल्या एका गृहस्थांचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून आभार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तर मिसळ. म्हणून सूत्रसंचालकाच्या हातातली यादी मी आधीच तपासतो.

घरचं रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल आणि त्यावर आपलं नाव असेल, तर माणशी पाच किलो धान्य देशातल्या कुठल्याही रेशन दुकानातून अंगठा लावून उचलता येतं. त्यासाठी ई-केवायसी झालेली हवी. फक्त घरी फोन करून सांगावं. नाहीतर इकडे तुम्ही उचललं आणि तिकडे आई रांगेत उभी राहून तुमचा वाटा कुठे गेला म्हणून दुकानदाराशी भांडली, तर त्या भांडणाची किंमत पाच किलोत बसत नाही.

खोलीवर करण्यासारखी सगळ्यात स्वस्त भाजी मटकी. पाव किलो मटकी रात्रभर, आठ तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, ओल्या फडक्यात आवळून बारा तास टांगायची. दुपटीहून जास्त होते, दोघांना दोनदा पुरते. बुळबुळीत होऊन वास मारते ती दोन कारणांनी: पाणी नीट निथळलेलं नसतं, किंवा फडकं आधीच्या खेपेचं न धुतलेलं असतं. माझ्या पाहण्यात दरवेळी फडकंच निघालं, आणि धुवायची पाळी दरवेळी दुसऱ्याची होती.

मोबाईलचा महिना 28 दिवसांचा असतो. मानधनाचा नसतो. त्यामुळे वर्षाला बारा मानधनं आणि तेरा रिचार्ज. हे तेरावं रिचार्ज बजेटात कुणीच धरत नाही आणि ते तेराव्यासारखंच येतं. 84 दिवसांचं मारलं तरी दिवस तेवढेच लागतात, पण निदान तीनदा विव्हळण्याऐवजी एकदाच विव्हळावं लागतं.

फ्लेक्सचं मात्र मला थोडं अभिमानाने सांगायचंय. सहा बाय तीनचा फ्लेक्स म्हणजे अठरा चौरस फूट, आणि पैसे फुटाने मोजतात. दरवेळी नवा छापला तर चहाचे पैसे संपतात. म्हणून तारीख, गाव आणि पाहुणे या तीन जागा कोऱ्या सोडून एकदाच छापायचा, वर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीला साधा सेलोटेप नको, खरवडताना शाई घेऊन निघतो. कागदी टेप लावावा. आणि फ्लेक्स घडी घालून ठेवू नये, घडीवर शाई तडकते आणि स्वागतातला 'स्वा' जातो. गुंडाळी करावी, छपाई बाहेरच्या बाजूला. आमचा फ्लेक्स सात कार्यक्रम चालला. आठव्याला पाऊस आला, पाहुण्यांच्या नावाची पट्टी गळून पडली आणि खालची, मागच्या गावच्या पाहुण्यांची, दिसायला लागली. दोघे वेगळ्या पक्षांचे होते. मग चहाचे पैसेही मीच भरले.

आता ते तीनशे. पोस्टात आरडी काढ, हा दुसरा सल्ला. शंभर रुपयांपासून निघते, व्याज 6.7 टक्के, पाच वर्षं दरमहा शंभर भरले तर 6,000 चे साधारण 7,136 होतात. उत्तम. पण मुदत पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. आमची सेवा दोन वर्षांत संपते. बारा हप्त्यांनंतर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे स्वतःचेच पैसे व्याजाने उसने घ्यायचे. एक हप्ता चुकला तर शंभरामागे एक रुपया दंड, चुकतच राहिले की खातं बंद पडतं. त्यापेक्षा बँकेची बारा महिन्यांची आरडी बरी, आणि हप्त्याची तारीख पैसे जमा होण्याच्या नेहमीच्या दिवसापासून दहा-बारा दिवस पुढची घ्यावी.

पोस्टाच्या बचत खात्यावर 4 टक्के मिळतात, पण ते 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर. म्हणजे नवव्या दिवशी भरलेत तर त्या महिन्याचं व्याज आहे, अकराव्याला भरलेत तर नाही. शिल्लक 500 ठेवावी लागते. त्या पाचशेचं वर्षाचं व्याज 20 रुपये. आणि फुकटचे व्यवहार संपल्यावर एटीएममधून एकदा पैसे काढले की 23 रुपयांपर्यंत कापतात, वर कर. एका बटणात अख्ख्या वर्षाचं व्याज. मशीन वर विचारतं, पावती हवी का?

भिशीचंही सांगून टाकतो. दहा जण, दोनशे रुपये. पहिला नंबर लागला तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटचा लागला तर बचत. म्हणून बचत करायची असेल तर शेवटचा नंबर मागून घ्यावा, लोक आनंदाने देतात. फक्त पहिला नंबर घेणारा गावातच राहणार आहे ना, एवढं बघावं.

तर, गाडी गावात शिरली. मी उठायच्या आत आजोबा उठले आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असं ओरडले, "ओ मास्तर! याचे नऊ रुपये द्या आधी! देशसेवा करतोय पोरगा, पाच हजारांत!"

मावश्या परत वळल्या. यावेळी चेहऱ्यावर माया होती, ती जास्त लागली. मास्तरांनी दहाची नोट काढली. "एक रुपया द्या."

माझ्याकडे नव्हता. आजोबांनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून एक रुपया काढला, उजेडात धरून बघितला आणि मास्तरांच्या हातावर ठेवला. मला म्हणाले, "उद्या दे."

दुसऱ्या दिवशी मला त्या गावाला जायचं नव्हतं, पण स्टँडवरून दुसरीकडे जायचं होतं. आजोबा तालुक्याच्या स्टँडवर, गाडी लागते त्या फलाटावर, मोकळी पिशवी घेऊन उभे होते.

"आज काय, वाचवायला?" मी विचारलं.

"आज वसुलीला," ते म्हणाले. "आज खरं काम आहे."

माझ्या खिशात दहाची नोट होती. आजोबांकडे सुट्टे नव्हते.