खुलासा: डेटा रेट कमी केल्याने वायफायचा अडथळा कमी होत नाही

‘राउटरचा डेटा रेट (माहिती पाठवण्याचा वेग) कमी ठेवा, शेजारच्या नेटवर्कला त्रास होणार नाही’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. १५०० बाइटचं पॅकेट (माहितीचा एक तुकडा) ५४ एमबीपीएसने साधारण पाव मिलिसेकंदात जातं. १ एमबीपीएसने त्यालाच १२ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. तेवढा वेळ त्या चॅनलवरची (रेडिओ लहरींच्या त्याच पट्ट्यातली) बाकीची उपकरणं, शेजाऱ्याचीही, ताटकळत राहतात. कमी रेटचा सिग्नल गोंगाटातही नीट वाचता येतो, हे खरं. पण तो फायदा तुमच्या उपकरणाचा, शेजाऱ्याचा नव्हे. त्याचा त्रास खरंच कमी करायचा असेल तर ट्रान्समिट पॉवर (राउटरच्या सिग्नलचा जोर) उतरवा, मोकळा चॅनल निवडा आणि सोय असेल तर १ व २ एमबीपीएस हे रेट बंदच करा. काही फार जुनी उपकरणं मग जोडली जाणार नाहीत, तेवढं आधी तपासा.