"डुप्लिकेट सनस्क्रीन विकतात, चेहरा पिठासारखा झाला" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, दुकान माझं आहे. उत्तराला उशीर झाला कारण आधी काउंटरवरच्या मुलाला विचारून घेतलं.

तुम्ही लिहिलंय की एसपीएफ (ऊन अडवायचा आकडा) ५० चं सनस्क्रीन लावून चेहरा पांढरा अन् मान सावळी दिसली, डोळे चुरचुरले, चार महिने लावूनही काळवंडलात, आणि विचारायला आलात तर आमचा मुलगा म्हणाला "सावळ्या स्किनला एवढं लागत नाही मॅडम". तो असं बोलला हे त्याने कबूल केलंय. त्याबद्दल सॉरी, मनापासून. मी स्वतः चांगली सावळी आहे आणि दोन्ही गालांवर वांग घेऊन काउंटरला बसते, त्यामुळे ते जरा जास्तच लागलं. आपल्या कातडीला स्वतःचं थोडं संरक्षण असतं हे खरं, पण थोडंच, आपण गोऱ्या माणसांसारखे पटकन लाल होत नाही म्हणून वाटतं काही झालंच नाही आणि मग डाग पडतात ते जाता जात नाहीत.

आता पिठाचं. तीच ट्यूब मी उघडून मनगटापासून कोपरापर्यंत लावली, दहा मिनिटं झाली तरी चुन्याचा हात मारल्यासारखी राखाडी! त्यात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड आहे, ते पांढरंच असतं आणि आपल्या रंगावर उठून दिसतं. शिवाय केमिकल फिल्टर, म्हणजे ऊन शोषून घेणारी रसायनं, पण आहेत आणि वरून सेंट, घामाबरोबर ते डोळ्यात उतरलं की चुरचुरणारच. माल डुप्लिकेट नाही ताई, बॅच नंबर डिस्ट्रिब्यूटरच्या बिलाशी जुळवून बघितला. पण तुमच्यासाठी तो चुकीचा होता आणि तो आम्हीच दिला, नुसता ५० आकडा बघून. ३० वाला यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, साधारण ९७ टक्के अडवतो, ५० वाला ९८, एवढाच फरक. यूव्हीएसाठी, म्हणजे कातडी काळवंडवणाऱ्या किरणांसाठी, ट्यूबवरचं पीए आणि त्यापुढचे प्लस बघायचे असतात, तुमच्या ट्यूबवर दोनच प्लस आहेत, चार हवे होते.

एक गोष्ट मात्र रागावू नका, ५० ग्रॅमची ट्यूब चार महिने गेली कशी? दोन बोटांवर पट्टी काढली की साधारण एक ग्रॅम, तेवढं तोंडाला आणि मानेला लागतं, रोज सकाळी एकदाच लावलं तरी पन्नास दिवसांत संपते. कंपनी टेस्ट करते ती एका चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून, आपण वाटाण्याएवढं लावलं तर ५० चं ५० राहत नाही. आणि स्कूटीवर उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

वांग आहे म्हणालात तर टिंटेड म्हणजे रंग मिसळलेलं घ्या, आयर्न ऑक्साइडवालं. वांग नुसत्या यूव्हीने नाही, दिसणाऱ्या उजेडाने पण वाढतो, साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. रंग असल्यामुळे पांढरंही दिसत नाही, फक्त बऱ्याच कंपन्यांच्या शेड आपल्यासाठी फिक्या असतात म्हणून जबड्यावर लावून दुकानाबाहेर उजेडात बघायचं, ट्यूबलाइटखाली नाही. घेतलं तरी आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून बघा.

आणि मैत्रिणीने दिलेली गोरं करायची क्रीम रात्री लावता असं जे लिहिलंय ना, त्यातल्या कितीतरींमध्ये स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते अन् ऊन सोसत नाही. मनाने अचानक बंदही करू नका, ती ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा.

उघडलेली ट्यूब कंपनी परत घेत नाही, मी घेते. बदलून देते नाहीतर पैसे देते, बिल नसलं तरी चालेल. दुपारी चारनंतर मी असते, येताना चेहऱ्याला काही लावून येऊ नका म्हणजे शेड नीट बघता येईल.