हवा लागून कॅन्सर भडकत नाही

"दुर्बिणीने पोटाला छिद्र पाडू देऊ नका. हवा लागली की कॅन्सर भडकतो. सोनोग्राफी आणि रक्त तपासलं की सगळं कळतं. दुर्बीण म्हणजे पैसे उकळायचा धंदा." हा मेसेज वाचून मानेवाड्याच्या माझ्या जाऊबाईंनी दुर्बिणीने पोट तपासायची (लॅपरोस्कोपीची) ठरलेली तारीख रद्द केली. म्हणून लिहितेय.

आधी हवेचं. पोटात हवा भरतच नाहीत. भरतात तो कार्बन डायऑक्साइड, पोट वर उचललं जाऊन आतलं नीट दिसावं म्हणून. काम झालं की तो काढून टाकतात. हवेने कॅन्सर पसरत असता, तर पोट उघडून ऑपरेशन झालेली एकही बाई बरी झाली नसती! अंडाशयाचा कॅन्सर बहुतेकदा सापडतो तोच पसरल्यावर. पोट उघडलं, पसरलेला दिसला, पुढे बाई गेली, की दोष ऑपरेशनला. आणि या समजापायी बायका पोटात पाणी झालेलं असताना घरी बसून राहतात.

छिद्राच्या जागी कॅन्सरची गाठ येते, हे क्वचित घडतं, मान्य. म्हणूनच संशयाची गाठ न फोडता पिशवीत घालून काढतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन दुर्बिणीने केल्यास तो जास्त उलटतो, असं २०१८च्या अभ्यासात दिसलं, तेही खरं. पण तो उपचार झाला. इथे तपासणीसाठी तुकडा घ्यायचा आहे.

रक्तात सगळं कळतं म्हणे! अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात ते सीए-१२५ पोटाच्या टीबीतही वाढतं. टीबीतही पोटात पाणी होतं, सोनोग्राफीत चित्र अगदी अंडाशयाच्या कॅन्सरसारखं दिसू शकतं. जाऊबाईंचं घोडं इथेच अडलंय. आतून तुकडा घेऊन पॅथॉलॉजीत तपासला की उलगडा होतो, आणि टीबी निघाला तर तो गोळ्यांनी बरा होतो.

राहिला पैसा. नेदरलँड्समध्ये अंडाशयाचा कॅन्सर पुढे गेल्याचा संशय असलेल्या २०१ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. थेट पोट उघडलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं मोठं ऑपरेशन वाया गेलं, म्हणजे कॅन्सर पुरेसा काढताच आला नाही. आधी दुर्बिणीने पाहिलं, त्यांच्यात १० टक्के. आता उकळणं कशाला म्हणायचं? तरीही खर्चाची धास्ती असेल, तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा, सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. जाऊबाई, सोमवारी मी येते, आपण नवी तारीख घेऊ.