आधी नोंद, मग जप्ती? जरा सनावळी बघू

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने परवा घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक ढकलपत्र टाकलं. तिकडच्या बंदूकवाल्यांमध्ये ते वर्षानुवर्षं फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: सक्तीची शस्त्रनोंदणी ही जप्तीची पहिली पायरी. हिटलर १९३५ साली म्हणाला होता की, इतिहासात प्रथमच एका सुसंस्कृत देशात प्रत्येक बंदुकीची नोंद झाली आहे. खुद्द गांधींनीही शस्त्रकायद्याला इंग्रजांचं सर्वांत काळं कृत्य म्हटलं. आणि गुन्हेगार तर नोंदणी करतच नाहीत.

हिटलरपासून सुरुवात करू. ते वाक्य बनावट आहे. १९३५ साली जर्मनीत असा कुठला नोंदणी कायदा झालाच नव्हता. परवाना पद्धत आणली ती त्याच्या आधीच्या लोकशाही सरकारने, १९२८ साली. हिटलरच्या राजवटीने मार्च १९३८ मध्ये कायदा बदलला तो सैल करायला. परवाना फक्त पिस्तुल-रिव्हॉल्व्हरपुरता उरला, किमान वय २० वरून १८ वर आलं. ज्यूंना मात्र त्याच वर्षी, ११ नोव्हेंबरच्या आदेशाने शस्त्र बाळगायलाच बंदी झाली, आणि परवान्यांच्या जुन्या नोंदी पोलिसांच्या कामी आल्या. म्हणजे वाक्य खोटं असलं तरी भीती अगदीच हवेतली नाही. पण ज्यू लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. बाकीच्या सर्वसामान्य जर्मनांच्या बंदुका कुणी सरसकट काढून घेतल्या नाहीत.

गांधींचं वाक्य खरं आहे, आत्मकथेत आहे. फक्त ते कशासाठी लिहिलं हे ढकलपत्र सांगत नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधी इंग्रजांच्या सैन्यासाठी भरती करत हिंडत होते, त्या पत्रकातलं ते वाक्य. शस्त्रकायदा रद्द व्हावा असं वाटतं ना, मग ही संधी सोडू नका, असा त्याचा रोख. आणि लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा तो कायदा लोकांना डाचला तो वहीत नाव लिहावं लागतं म्हणून नव्हे, तर गोऱ्याला सूट आणि हिंदी माणसाला परवाना म्हणून.

आता मुख्य मुद्दा, क्रमाचा. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला गोळीबारात ३५ माणसं मारली गेली. त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तेव्हा तिथल्या काही राज्यांत रायफलींची नोंदच नव्हती. सगळीकडे नोंदणी आली ती त्याच सुधारणांमधून. न्यूझीलंडने तर रायफलींची नोंदणी १९८३ मध्येच सोडून दिली होती. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर गोळीबार झाला, ५० हजारांहून जास्त बंदुका परत घेतल्या गेल्या, आणि नोंदवही सुरू झाली २०२३ मध्ये. कॅनडाने लांब बंदुकांची नोंदवही २०१२ साली मोडीत काढली, क्वेबेक वगळता नोंदी नष्टही केल्या. तरी मे २०२० मध्ये सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी आलीच. सरकारला बंदी घालायचीच असेल तर ते वहीसाठी थांबत नाही.

कॅनडाच्या त्या वहीबद्दल बंदूकवाल्यांचा राग मला पटतो, पण तो हिशेबाचा. निव्वळ खर्च २० लाख डॉलर होईल म्हणून सांगितलं होतं. २००२ मध्ये महालेखापरीक्षकांनी तो शंभर कोटींवर जाणार असं दाखवून दिलं. ढकलपत्रात याचा उल्लेखही नाही!

न्यूयॉर्क शहराचं उदाहरणही त्यात नाही, आणि त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. तिथे १९६७ मध्ये रायफलींची नोंदणी झाली आणि १९९१ मध्ये त्यातल्या काही प्रकारांवर बंदी. नोंद असलेल्या मालकांना कळवलं गेलं की बंदूक शहराबाहेर न्या, निकामी करा किंवा जमा करा. मी बंदूकवाला असतो तर हिटलर सोडून हेच सांगितलं असतं. पण तोलायला दुसरं पारडंही आहे. मशीनगनची नोंद अमेरिकेचं केंद्र सरकार १९३४ पासून ठेवतंय, आणि नोंदलेल्या मशीनगन आजही मालकांकडेच आहेत.

राहिले गुन्हेगार. ते नोंदणी करत नाहीत हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९६८ साली एका अर्थी मान्य केलं. बंदूक बाळगणंच ज्याला मना आहे त्याने नोंदणी करणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं, म्हणून नोंदणी न केल्याची शिक्षा त्याला देता येत नाही, असा हेन्स खटल्याचा निकाल. (पुढे कायदा दुरुस्त झाला.) पण वहीचा उपयोग चोराने येऊन सही करण्यात नाहीच. गुन्ह्यात सापडलेली बंदूक शेवटी कायदेशीरपणे कुणाकडे होती, तिथून तपास सुरू होतो. केंद्र सरकारने सर्वसाधारण नोंदवही ठेवायला अमेरिकेत १९८६ पासून मनाई आहे. त्यामुळे वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या सरकारी बंदूक-तपास केंद्रात बंद पडलेल्या बंदूक-दुकानांचे विक्रीचे कागद माणसं बसून चाळतात. मालकाच्या नावाने शोधायची सोय मुद्दामच नाही.

हे सगळं गटावर लिहिल्यावर भावाने विचारलं, "आणि तुमच्याकडे?" आमच्याकडे प्रत्येक परवान्याची नोंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, तिसरी वर्षभरात जमा करायला सांगितली. नोंद होती म्हणूनच ते जमलं, हे कबूल. निवडणूक आली की कोकणातले आमचे काका आपली शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन देतात, पावती घेतात आणि निकालानंतर परत आणतात. सरसकट सगळ्यांच्या जमा करू नका, छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. काकांना मात्र दर वेळी बोलावणं येतंच. बंदूक कधी बुडाली नाही. गेल्या खेपेला त्या मधल्या दिवसांत माकडांनी केळीची बाग साफ केली, त्याची पावती कोण देणार, एवढंच ते विचारतात.